नातवाचं दुसरं नाव

शनिवार, रात्री

बारसं पार पडलं. पाळण्यात घालून ‘ईशान’ नाव ठेवलं. चिनी आत्याने कानात सांगितलं, पाठीवर धपाधप थापा पडल्या, कुर्र झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. आता राहिलं चिनी नाव. इथे सिंगापुरात जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते आणि दाखल्यावर चिनी अक्षरांतलं नावही घालता येतं. तेव्हा घरात सध्या तेवढा एकच विषय आहे.

व्याही चिनी भाषेचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे हे खातं त्यांचं. त्यांचे वडील फूजियन प्रांतातल्या आनशी तालुक्यातून इकडे आले. चहासाठी नावाजलेला मुलूख. घराण्यात पिढीची कविता होती म्हणे. कवितेतला एकेक शब्द एकेका पिढीला द्यायचा, आणि त्या पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात तो घालायचा. माओ त्से-तुंगचे भाऊ त्से-मिन आणि त्से-तान, तसं. नुसत्या नावावरून काका कोण आणि पुतण्या कोण ते कळतं. मुलींना बहुतेक घराण्यांत या कवितेत जागा नव्हती, हे मी विचारल्यावरच सांगितलं. यांची कविता गावाकडेच राहिली. वडिलांना जेवढी पाठ होती ती जावयाच्या पिढीपर्यंत येऊन संपली. म्हणजे ईशानला मोकळं रान.

आडनाव मात्र पक्कं. घरात हॉक्किएन बोलीत ते ‘टॅन’, शाळेत मँडरिनमध्ये ‘छन’, अक्षर एकच. आडनाव पुढे आणि नाव मागे. बापाचं नाव मध्ये घालायची पद्धत नाही.

सोमवार

विहीणबाई सकाळी वॉटर्लू स्ट्रीटला जाऊन आल्या. तिथे क्वान इमच्या देवळापाशी ज्योतिषी बसतात. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ, प्रत्येकाची दोन अक्षरं, अशी आठ अक्षरं मांडतात. त्यावरून लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाचांतलं काय कमी आहे ते बघतात आणि जे कमी ते नावात भरून काढतात. आमच्याकडे नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात, त्याच्याच गल्लीतलं हे प्रकरण. वर्षांचं चक्रसुद्धा आपल्या संवत्सरांसारखं साठाचंच. व्याही हसून म्हणाले, लु शुन यांच्या १९२१ सालच्या एका कथेतल्या मुलाचं नावच असं पडलंय. जन्म अधिक महिन्यातला आणि पत्रिकेत माती कमी, म्हणून रुन-थु, ‘अधिक-माती’. आपल्याकडचे धोंडू मला लगेच आठवले. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणायचं आणि त्यात जन्मलेल्याला धोंडू, हे कानावरून गेलेलं आहे.

ज्योतिष्याने अक्षरांचे फटकारेही मोजायला सांगितलेत. इथे नवरा-बायकोचं जुंपलं. ‘छन’ आडनाव आजच्या सोप्या लिपीत लिहिलं तर ७ फटकारे, आणि नावशास्त्राच्या हिशेबात जुनं रूप धरून १६. मग शुभ आकडा धरायचा कुठला? व्याह्यांचं म्हणणं, ही मोजणी विसाव्या शतकात जपानहून आली, आमच्या पूर्वजांनी असं काही मोजलं नाही. विहीणबाईंनी ते कानाआड केलं आणि कागद पर्समध्ये ठेवून दिला.

नजर लागू नये म्हणून मुलाला वाईट नाव द्यायचं, हेही त्यांच्याकडे आहे. खेड्यापाड्यांत कौ-शंग, म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेलं. मी दगडू आणि केरू सांगितले. विहीणबाईंना केरू इतकं आवडलं की दिवसभर बाळाला तेच म्हणत होत्या. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बुधवार

आज मनातलं बोलून टाकलं. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, ही आपली रीत. मान बापाकडच्या आजोबांचा असतो हे मला कळतं. पण ‘हे’ गेल्यावर जन्मलेला हा पहिला मुलगा. मराठी नाव मुलांनी त्यांच्या आवडीने ठेवलं, मी तोंड उघडलं नाही. चिनी नावात तरी यांच्या नावाचा पुसट आवाज यावा. शांतारामातला ‘शान’ घेतला तर चिनीत त्याचा अर्थ डोंगर होतो, हे मी जावयाकडून आधीच काढून घेतलं होतं.

जावयाने सांगितलं तसा व्याह्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की आमच्यात वडीलधाऱ्यांचं नाव मुलाला ठेवत नाहीत, तो अवमान होतो. पोराला ओरडताना आपण आजोबांचं नाव घेऊन ओरडणार का? मग मास्तर रंगात आले. थांग काळात सम्राट ली श-मिनच्या नावातलं ‘मिन’ हे अक्षर म्हणून त्याच्या मृत्यूनंतर सरकारातल्या एका अख्ख्या खात्याचं नाव बदललं. त्याच काळातला कवी ली ह. बापाचं नाव जिन-सु आणि सर्वांत मोठ्या परीक्षेचं नाव जिन-श. उच्चार जुळतो, म्हणजे परीक्षेला बसला तर बापाचं नाव तोंडात येतं, अशी ओरड झाली. हान यु हा मोठा लेखक त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याने विचारलं, बापाचं नाव ‘रन’, म्हणजे दया, असतं, तर मुलाने ‘रन’, म्हणजे माणूसही व्हायचं नाही का? उपयोग झाला नाही. ली ह ती परीक्षा देऊच शकला नाही.

मी ऐकून घेतलं, पण मनातून खट्टू झाले. दुपारी बाळाला मांडीवर घेऊन बसले तेव्हा आमचंच घर आठवलं. थोरल्याला मामंजींचं नाव ठेवलं आणि ते घरात कुणी कधी उच्चारलं? सासूबाई घेणार नाहीत, मी घेणार नाही, म्हणून तो आजतागायत ‘बाळ’. कागदावरचं नाव बँकेने आणि शाळेने घेतलं. यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यात, तेही कुणी अडवून धरल्यावर. आम्ही नाव ठेवतो आणि उच्चारत नाही, हे लोक ठेवतच नाहीत. व्याह्यांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बराच वेळ मान हलवत राहिले.

शुक्रवार

आज नाश्त्यापासून अकराव्या शतकात. सु श्युन नावाच्या गृहस्थाने आपल्या दोन मुलांची नावं अशी का ठेवली यावर छोटासा लेख लिहून ठेवला आहे. दोन्ही नावं गाडीतली. थोरल्याचं नाव गाडीच्या पुढच्या आडव्या दांडीचं, बसणारा जिच्यावर हात टेकतो ती. चाकं, आरे, छत, सगळ्यांना काम आहे, दांडी तेवढी बिनकामाची वाटते. पण ती काढली तर गाडी पुरी होत नाही. बाप लिहितो, तू स्वतःला झाकून घेत नाहीस, याची मला भीती वाटते. धाकट्याचं नाव चाकोरीचं. गाडीच्या यशात चाकोरीला कुणी वाटा देत नाही, पण गाडी उलटली, घोडा मेला, तरी चाकोरीला काही होत नाही. तू निभावून जाशील, असं त्याला.

तो थोरला म्हणजे महाकवी सु शी. (मराठी आजीने हे नाव सरळ चेहऱ्याने ऐकायचं! सू आणि शी ही आमच्या घरात सध्या दिवसातून कितीदा तरी जाहीर होणारी बातमी आहे. लेक आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही.) बापाची भीती खरी ठरली. १०७९ साली कवितांवरून तुरुंग, मग हद्दपारी, म्हातारपणी तर पार हायनान बेटावर. त्याने स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या आंघोळीच्या दिवशी कविता केली. लोक म्हणतात मुलगा हुशार निघो. हुशारीने माझं आयुष्य नासलं. माझं पोर मठ्ठ निघो आणि काही विघ्न न येता मोठ्या हुद्द्यावर चढो. हसू आलं. मग व्याह्यांनी सांगितलं की ते मूल पुढच्याच वर्षी गेलं.

लेक उठून बाळाला बघून आली.

त्यानंतर ‘पराक्रमी’, ‘तेजस्वी’, ‘विशाल विश्व’ वगैरे अक्षरांची यादी कुणी पुढे काढली नाही. चीनमध्ये २०१९ साली सर्वांत जास्त मुलगे ‘हाव-यु’ होते, अफाट विश्व. एका वर्गात चार असले तर बाईंनी कुणाला हाक मारायची? प्रत्येक काळाची अशी नावं असतात म्हणा. १९४९ नंतरचे ‘ज्यान-क्वो’, म्हणजे राष्ट्र उभारणारे, आज आमच्या वयाचे झाले. बीजिंगच्या ऑलिंपिकच्या वेळी हजारो पोरं ‘आव-युन’, म्हणजे चक्क ऑलिंपिक झाली.

रविवार

नाव ठरलं. काल रात्री व्याह्यांनी एक अक्षर लिहून माझ्यासमोर ठेवलं: आन. वर छप्पर, खाली स्त्री. अर्थ शांत, सुखरूप. शांतारामांचा आवाज नाही, अक्षर नाही, त्यामुळे व्याह्यांचा नियम मोडत नाही. बोलून झाल्यावर जावयाच्या लक्षात आलं की आनशीतलं पहिलं अक्षरही हेच. व्याही म्हणाले, अच्छा? मास्तरांच्या ते ध्यानात नसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आधी ‘छंग-आन’ सुचवलं होतं, पुढे चालवणारा. अर्थाने मला तेच हवं होतं. पण आडनावासकट म्हणून बघा: छन छंग-आन. जिभेचा गुंता होतो, आणि चिनीत प्रत्येक अक्षर ठरावीक सुरात म्हणायचं असतं, त्यात इथे पहिले दोन्ही सूर चढेच. जावयाने साफ नाकारलं. शेवटी ‘यी-आन’. छन यी-आन. पहिला सूर चढतो, दुसरा खाली जाऊन वळतो, तिसरा वर सपाट राहतो. विहीणबाईंनी मोठ्याने दहा-बारा वेळा म्हणून घेतलं. पोटदुखी किंवा आणखी काही ऐकू येत नाही ना, याची ती परीक्षा. आमच्या बाजूने मी तपासलं, त्यात ‘शी’ नाही. ‘यी’चे ४ फटकारे, ‘आन’चे ६. पहिलीतलं पोर परीक्षेत नाव लिहिण्यातच अर्धा तास घालवणार नाही. पर्समधल्या कागदाशी हे जुळतं का, विहीणबाईंनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

उद्या नोंदणी. इंग्रजीत ‘यी’ आणि ‘आन’ जोडून लिहायचे की सुटे, यावर लेक-जावयात अजून चालू आहे. जोडले तर इथले लोक काहीतरी तिसरंच वाचतील असं लेक म्हणते. महिना भरल्यावर वाटायच्या लाल अंड्यांची ऑर्डर विहीणबाईंनी देऊन टाकली आहे. त्या त्याला अजूनही केरूच म्हणतात.