तुम्ही विचारलंत म्हणून: बालाला एवढं आहे तरी काय?

बालाला, म्हणजे वेल्समधल्या एका छोट्या गावाला, परत जातेय म्हटलं की लिव्हरपूलमधली आपली मंडळी आणि फोनवर आत्या, सगळ्यांचं एकच, तिथे एवढं आहे तरी काय? (आत्याला तर पहिल्यांदा वाटलं होतं मी कुणाच्या तरी बाळाला बघायला चाललेय.) वेल्समध्ये किल्ले आहेत, स्नोडनचा डोंगर आहे, आणि हिला काय तर एक मेन रोड आणि एक तळं. बरं, एकदाच सांगते, परत विचारू नका.

पहिल्यांदा गेले ती तळ्यासाठीच, खोटं कशाला बोलू. लिन तेगिद, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर, काठाने छोटी वाफेची गाडी जाते, फोटो मस्त येतात. चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, तोवर वेल्शमध्ये गप्पा चाललेल्या, मला बघून इंग्लिशमध्ये विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं लिव्हरपूल. त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि गप्प. मला वाटलं, झालं, आपला रंग. आपण त्या तयारीनेच फिरतो ना.

मग त्यांनीच सांगितलं. चार-पाच मैलांवर कॅपेल केलिन नावाचं गाव होतं. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून 1957 ला थेट लंडनच्या संसदेतून धरणाचा कायदा करून घेतला, म्हणजे वेल्समधल्या कुठल्या कौन्सिलला विचारायची भानगडच नको. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी पास. त्याआधी 1956 ला गावातले लोक लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा घेऊन गेले होते, पण काही उपयोग झाला नाही. 1965 ला शाळा, पोस्ट, चॅपल, बारा घरं सगळं पाण्याखाली. काही थडगी उकरून हलवली, बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. बाई बोटांवर घरांची नावं मोजत होत्या, हावोद वादोग आणि अजून काय काय, मला एकच लक्षात राहिलं.

आणि मग मी जे केलं ते अजून टोचतं. घाईघाईने म्हटलं, नाही नाही, मी मूळची भारतातली, माझ्या आजीचं गावपण कोयना धरणात गेलं. म्हणजे काय, तर मी त्यांच्यातली नाही, तुमच्यातली. बाईंचा चेहरा एकदम निवळला, हातावर हात ठेवला आणि विचारलं, काय नाव होतं गावाचं?

मला येईना.

बामणोलीच्या बाजूला कुठेतरी, एवढंच. आजी रोज संध्याकाळी सांगायची हो, कुणाचं घर कुठे, देव डोक्यावर घेऊन कसे निघाले, आणि मी डोंबिवलीत टीव्हीसमोर बसून म्हणायचे, आजी बास ना, ते आता पाण्यात आहे. टीव्ही कशावर चालत होता ते वेगळं सांगायला नको.

आता हा माझा गुन्हा आहे का? 1965 ला मी जन्मलेसुद्धा नव्हते. लिव्हरपूलच्या कौन्सिलने 2005 ला माफी मागितलीय. आणि तसं बघितलं तर तिथलं पाणी थेट आपल्या नळाला येतच नाही, दी नदीत सोडतात आणि खाली उपसतात. हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला तावातावाने ऐकवलं, तो म्हणाला, मी कुठे काय म्हटलं? कॉलेजात असताना कोयना महाराष्ट्राची भाग्यरेषा वगैरे भाषण ठोकून बक्षीस आणलं होतं मी, आजी पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवत. त्या भाषणातलं काही खोटं होतं असं आजही नाही म्हणवत. वीज लागतेच की. पण त्या मुलीला धरून हलवावंसंही वाटतं.

गावाचं नाव मग आत्याला विचारलं. तिने एक सांगितलं, काका म्हणतो ते शेजारच्या गावाचं. दोघं त्यावरून महिनाभर बोलत नव्हते.

त्या बाई परत दिसल्या नाहीत. दुकानात विचारायचं म्हटलं तर नाव कुठे माहितेय मला. तरी ऑगस्टमध्ये जातेच आहे, आणि कुणी विचारलं कुठून आलात, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.