लिमाचा जांभळा ऑक्टोबर: मिरवणुकीला जाणाऱ्यांसाठी

पेरूला गेलेली आपली मंडळी बहुतेक लिमाच्या विमानतळावरूनच कुस्को-माचूपिचूची वाट धरतात. ऑक्टोबरात जाणार असाल तर तसं करू नका. 18, 19 किंवा 28 तारखेला लिमात मुक्काम पडेल असं बघा. ‘सेन्योर दे लोस मिलाग्रोस’, म्हणजे चमत्कारांचा प्रभू, त्या दिवसांत रस्त्यावर येतो. आम्ही 18 तारीख धरली होती.

सगळं सुरू झालं एका भिंतीपासून. 1651 मध्ये पाचाकामिल्या वस्तीत अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने कच्च्या विटांच्या भिंतीवर क्रुसावरचा येशू रंगवला. 1655 च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं, ही भिंत उभी राहिली. गुलामांची ही भक्ती अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपली. चित्र पुसायला पाठवलेल्यांचे हातपायच लटपटले, अशी कथा सांगतात. 1687 मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा चित्राची कापडावरची प्रत रस्त्यावर काढली, ती प्रथा आजही चालू आहे. करोनामुळे 2020 आणि 2021 ला तेवढा खंड पडला. 28 तारीख 1746 च्या भूकंपाची. त्यात लिमा जमीनदोस्त झालं आणि काय्याओ बंदर लाटेने धुऊन नेलं.

आता कामाचं. ही प्रत मिरवणाऱ्या पालखीच्या मागे धावू नका, चेंगरून जाल. मार्ग आधी जाहीर होतो. त्यावरचा रुंद रस्ता निवडा, ताक्ना अव्हेन्यूसारखा, आणि कडेला उभे राहा. मेट्रोपोलितानो बसची शहराच्या मध्यभागातली स्थानकं त्या दिवशी बंद असू शकतात, तेव्हा चालायची तयारी हवी. खिशातला फोन आतल्या खिशात. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांनी सरळ दुसऱ्या दिवशी मूळ भिंत असलेल्या चर्चमध्ये जावं. पाऊस पडत नाही, पण आभाळ कायम करडं आणि हवा गार; पातळ स्वेटर पुरतो.

पालखीआधी धुपाचा वास येतो. जांभळा झगा, कमरेला पांढरी दोरी, डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी अशा बायका हातात धुपाटणं घेऊन उलट्या पावलांनी चालतात, प्रभूकडे पाठ फिरवायची नाही म्हणून. आमच्यासमोरच्या आजींच्या पाठीला एका तरुण मुलीने तळहात लावला होता आणि खड्डा आला की ती बोटांनीच इशारा करत होती. खांदेकऱ्यांच्या वीस तुकड्या आहेत. घंटेचा टोला पडला की पालखी टेकते, खांदे बदलतात, पुन्हा टोला, पुन्हा उचल. पालखी पुढे गेली म्हणून लगेच निघू नका: चित्राच्या मागच्या बाजूला मेघमाता मरियम आहे, तिचं दर्शन तेव्हाच होतं. रस्त्यावर फुलांचे गालिचे आपल्या रांगोळीसारखे काढलेले असतात. ते तुडवायचा मान पालखीचा, आपण कडेने जायचं.

2017 च्या जनगणनेत पेरूतल्या 76 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं. लिमाच्या कॅथेड्रलमध्ये पर्यटकांच्या रांगेत उभं राहून हा आकडा मला पटला नसता. इथे पटला.

मूळ भिंत मात्र मिरवणुकीत नसते. ती लास नासारेनास चर्चच्या मुख्य वेदीवर आहे, वर्षभर बघता येते. सकाळी लवकर जा. तिथून चालत सांतो दोमिंगोचा मठ गाठता येतो. संत रोझा (अमेरिका खंडातली पहिली संत, 1671) आणि मिश्र वंशाचे, 1962 साली संतपद मिळालेले मार्तिन दे पोरेस, दोघांचेही अवशेष तिथे आहेत. चित्रांत मार्तिनबाबांच्या हातात झाडू असतो. मला हे संत फार आवडले.

खाण्याचं सांगते. महिनाभर ‘तुर्रोन दे दोन्या पेपा’ विकतात: बडीशेपेच्या चवीच्या पिठाच्या कांड्या, वर गुळासारखा पाक आणि रंगीत गोळ्या. अंडं असतं, कुठे कुठे चरबीही, म्हणून शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. गाड्यांवर भाजल्या जाणाऱ्या आंतिकुचोच्या सळ्या गाईच्या काळजाच्या असतात, त्या टाळायच्या तर पिकारोनेस घ्या. भोपळा आणि रताळ्याचे तळलेले कडे, पाकात बुडवलेले. गरम खा, आणि कागदी रुमाल दोन जास्त मागून घ्या.