नवे मासे मलूल दिसतात तेव्हा

नव्याने आणलेले मासे टँकमध्ये सोडल्यावर तासाभरात कोपऱ्यात जाऊन बसले, त्यांनी पर अंगाशी आवळून घेतले आणि खाद्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, की बहुतेक घरांत हात औषधाच्या बाटलीकडे जातो. ती बहुधा दुकानदारानेच बरोबर दिलेली असते; आतले द्रावण निळे किंवा पिवळे असते आणि 'चार थेंब टाका' यापलीकडे कोणी काही विचारत नाही. पहिल्या दिवशी या बाटलीचे झाकण उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मलूल दिसणारा नवा मासा आजारी असतोच असे नाही. पुष्कळदा तो दमलेला असतो, आणि दमलेल्या माशाला औषध म्हणजे आणखी एक ताप.

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात दिसणारे पुष्कळसे मासे मुंबईत जन्मलेले नसतात. कोणी चेन्नईच्या कोळत्तूरहून, कोणी कोलकात्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत येतो. पिशवीतले पाणी खराब होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी त्याला उपाशी ठेवलेले असते. पुढे घाऊक व्यापारी, मग दुकान आणि शेवटी आपले घर, असा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पाण्याशी जुळवून घेत तो आपल्यापर्यंत पोहोचतो.

पिशवीतून सोडतानाच निम्मे काम होते किंवा बिघडते. जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेली पिशवी १५-२० मिनिटे टँकमध्ये तरंगत ठेवावी, तापमान सारखे झाले की थोडे थोडे टँकचे पाणी पिशवीत घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये. पार्सलने आलेल्या माशांचे गणित मात्र उलटे असते. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, उतरलेला असतो आणि त्यामुळे माशांच्या उत्सर्जनातून साचलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात थेंब थेंब नवे पाणी घालत मासे तासभर ठेवणे म्हणजे काळजीच्या नावाखाली केलेला छळ आहे. तापमान जुळताच ते बाहेर काढलेले बरे.

सोडल्यावर टँकचा दिवा त्या दिवशी बंदच ठेवावा. निऑन टेट्राचा तांबडा पट्टा घाबरल्यावर फिकट पडतो आणि मासा स्थिरावला की बहुधा आपोआप परततो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान करू नये. पाहायचे ते कल्ले. ते भराभर उघडमीट करत असतील किंवा मासा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत असेल, तर एक तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वा नायट्राइट वाढलेला आहे. फायटर आणि गोरामी यांना हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गतःच असल्याने ते अधूनमधून वर येतात, त्याची चिंता नको. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये तरी, आवाज होतो या कारणाने रात्री एअर पंप बंद करण्याची सवय सोडावी.

टँकही नवा असेल तर संशय आधी पाण्यावरच घ्यावा. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. 'पाणी अगदी स्वच्छ दिसते' हा काही पुरावा नव्हे. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया दिसला, तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारे द्रावण, घालायला विसरू नये. नायट्राइट वाढला की रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. तेथे लिटरमागे सुमारे १ ग्रॅम मीठ खरोखर उपयोगी पडते, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरिडोरास किंवा लोच या जातींचे मासे असतील तर मिठाचा हात आखडता ठेवावा.

औषधाची वेळ येते ती खूण दिसल्यावर. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा दगडांवर अंग घासू लागला, तर तो इक हा परजीवी आहे. ठिपक्याच्या आत असताना औषध त्याला लागू पडत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही बाटलीवर सांगितलेला काळ उपचार पुरा करावा. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये घालू नये. फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना ते मारक ठरते आणि सांध्यांतले सिलिकॉन कायमचे निळे करून ठेवते, तो भाग वेगळाच.

उपचारासाठी २०-३० लिटरचा वेगळा साधा टब पुरतो: तळाला वाळू नको, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, हिटर आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज एरवी मुख्य टँकमध्येच चालू ठेवावा, म्हणजे त्यात जिवाणू तयार असतात. नवे मासे तेथेच २ ते ४ आठवडे ठेवावेत आणि त्यांची जाळी वेगळी असावी. खाद्य दुसऱ्या दिवशी, तेही चिमटीभर; दोन-तीन मिनिटांत संपले नाही तर उरलेले लगेच काढून टाकावे.