तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, धीर कुठून येतो

डायलिसिस सेंटरच्या बाहेर आम्ही नातेवाईक बसतो तिथे भिंतीला लागून स्टीलच्या खुर्च्या आहेत, आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास असं चार वर्षं तिथे बसल्यावर माणसं एकमेकांच्या घरातलीच होऊन जातात. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाचा ऊस अजून तुटला नाही, सगळं माहीत असतं. तिथे शेवगावकडून पहाटेच्या एसटीने येणारे एक काका आहेत, त्यांचा तरुण मुलगा मशीनवर असतो. मागच्या महिन्यात मी खिशातलं बायबलमधल्या स्तोत्रांचं छोटं पुस्तक वाचत बसलो होतो तर ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या ख्रिस्ती लोकांचं बरं असतं, प्रार्थना केली की तुम्हाला धीर येतो, ते कसं करता जरा आम्हाला पण सांगा की." त्यात टोमणा अजिबात नव्हता, माणूस खरंच विचारत होता. असंच आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण पोरंही विचारतात, अंकल निराश वाटतं तेव्हा बायबलमधलं कुठलं वचन वाचू, एक सांगा ना. काकांना त्या दिवशी मी अर्धवटच उत्तर दिलं कारण आतून नर्सने हाक मारली. ते राहिलेलं मनात घोळत होतं म्हणून आज लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट, काका, प्रार्थना केली की लगेच धीर येतो असं माझ्या बाबतीत झालेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटेल की आमच्याकडे काही वेगळं औषध आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये हिचं डायलिसिस सुरू झालं. तोवर मी चांगला विश्वासणारा समजला जायचो, रविवारची उपासना चुकवायची नाही, घरी कौटुंबिक प्रार्थना, वडिलांपासून चालत आलेलं सगळं. आमच्या नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) १८३१ पासून मिशन आहे आणि आमचं घराणं तीन-चार पिढ्या मंडळीत आहे, त्यामुळे कुठलं वचन कुठे आहे ते पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. पुढच्या वर्षी हिचा भाऊ किडनी द्यायला तयार झाला, आम्ही पुण्याला खेपा घातल्या, टेस्टवर टेस्ट, सगळ्या मंडळीने उपास करून प्रार्थना केली, आणि शेवटी कळलं की त्यालाच शुगर आहे, तो डोनर होऊ शकत नाही. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं बिचाऱ्याला. त्या संध्याकाळी दौंडकडे येणाऱ्या गाडीत आम्ही तिघं बसलो होतो आणि कुणीच काही बोललं नाही, तो खिडकीला डोकं टेकून रडत होता आणि हीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्यानंतर साधारण चार महिने मी प्रार्थना केली नाही. चर्चला जात होतो, उभा राहत होतो, बसत होतो, पण घरी एकट्याने डोळे मिटून एक शब्द नाही.

त्या दिवसांत लोक दारात येऊन म्हणायचे, देवाची योजना आहे, सर्व गोष्टी मिळून कल्याणच होतं. ते वचन खरं आहे, मी ते मानतो, पण ते दारातून फेकून निघून जायचं वचन नाही. बायबलमधला ईयोब, ज्याच्यावर एकामागून एक संकटं कोसळली, त्याचे तीन मित्र आठवतात का, पोरांनो? ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले तिथे बिघडलं.

मला परत प्रार्थनेकडे आणलं ते स्तोत्रांनीच, पण आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो त्या स्तोत्रांनी नाही. १३ वं स्तोत्र काढून बघा. अगदी लहान आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' येतं, किती दिवस विसरणार आहेस मला, कायमचाच का, किती दिवस तोंड लपवणार. आणि ८८ वं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अशी बाकीची बहुतेक स्तोत्रं निदान शेवटी तरी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. मी एकदा सेंटरबाहेर बसून ते वाचलं आणि मला एकदम जाणवलं की हे शास्त्रात ठेवलंय. कुणीतरी देवाशी असं भांडलं आणि ते काढून टाकलं नाही, उलट पिढ्यान्‌पिढ्या देवाच्याच मंदिरात गायलं गेलं. आपल्या मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको खरं तर, तुकोबांनी विठ्ठलाशी काय कमी भांडण केलं? आणि ज्यांची भजनं आम्ही दर रविवारी गातो ते ना. वा. टिळक तर म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत आले. मला वाटतं त्या पुलावरून हा हक्कपण आला, देवाला जाब विचारायचा. आणि मग वधस्तंभावरचं, म्हणजे क्रुसावरचं, प्रभू येशूचं ते वाक्य, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, तेही २२ व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य आहे. लहानपणापासून दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ऐकत आलो होतो. पण ज्याला मी रागाने गप्प बसून शिक्षा देत होतो तो स्वतःच तिथे लटकून तोच प्रश्न विचारतोय हे डोक्यात शिरायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. त्या दिवशी मी खुर्चीत बसल्या बसल्या मनात म्हणालो, कोठवर? एवढीच प्रार्थना. चार महिन्यांनंतरची पहिली.

आता एलीया संदेष्ट्याचं सांगतो, कारण पोरं वचन मागतात तेव्हा मी त्यांना वचन न देता हा पूर्ण अध्याय देतो, बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९ वा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याने एवढा मोठा विजय मिळवलाय, आकाशातून अग्नी उतरलाय, आणि इथे राणीची एक धमकी आली तर हा जीव घेऊन पळाला. बैरशेब्यापर्यंत आला, चाकराला तिथेच ठेवलं, एकटा रानात दिवसभर चालत गेला आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं देवा, घे माझा जीव. आणि झोपला.

देवाने त्याला काय केलं ते बघा. रागावला नाही, कालचा विजय विसरलास का असं विचारलं नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणाला नाही. दूताने हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. त्याने खाल्लं, पाणी प्यायला, आणि परत झोपला! मला ही जागा सगळ्यात जास्त आवडते, परत झोपला. आणि दूताने झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं, म्हणाला, वाट लांब आहे, तुला झेपायची नाही. उपदेश नाही, प्रश्न नाही, आधी झोप आणि भाकर. ते वारा, भूकंप, अग्नी आणि मग देवाची ती मंद वाणी हे सगळं नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. आम्ही प्रवचनात नेहमी मंद वाणीवर येतो आणि भाकरीवरून घाईने पुढे जातो.

हा अध्याय हिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, सुरई हा शब्द ऐकला तरी तहान लागते. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं हे काकांना सांगायला नको. हिच्याकडे पाऊण लिटरची बाटली आहे, सकाळी भरायची, चहा, औषधाचं पाणी, आमटी, सगळं त्यातूनच वजा. उन्हाळ्यात मी तिच्यासमोर पाणी पीत नाही, आत जाऊन पितो.

तर माझ्या उशाशी भाकर कुणी ठेवली? आमच्या मंडळीतली एक मावशी आहे, रिटायर्ड नर्स, एकटी राहते. त्या चार महिन्यांत ती दर मंगळवारी डबा घेऊन यायची. आली की "सलाम बाळा" म्हणायची आणि सरळ स्वयंपाकघरात. पहिल्या वेळेला तिने मला विचारलं की हिला पोटॅशियमचं काय सांगितलंय, आणि मग स्वतःच शिकून घेतलं, भाजी बारीक चिरून गरम पाण्यात भिजवून ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, दुसऱ्या पाण्यात शिजवायची, मीठ नावाला. अशा भाजीला चव राहत नाही हो, मग ती लसणाची फोडणी वरून द्यायची, वास सगळ्या घरात. तिने मला एकदाही विचारलं नाही की प्रार्थना करतोस का. निघताना दारात उभं राहून डोक्यावर हात ठेवायची आणि "प्रभू, हे लेकरू थकलंय" एवढंच म्हणून चप्पल घालायची. मी आमेनसुद्धा म्हणत नव्हतो. पवित्र आत्म्याला आमच्या मराठी बायबलमध्ये कैवारी म्हटलंय, आपली बाजू घेणारा, आणि तो शब्द मला शाळेत कधी कळला नव्हता, तो मावशीच्या त्या एका वाक्यात कळला. मी बोलत नव्हतो तर माझ्या वतीने कुणीतरी बोलत होतं.

पुण्याच्या त्या खेपांमध्ये गाडीतून केडगाव लागायचं. नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे ते. लहानपणी संडे स्कूलमध्ये रमाबाई म्हणजे मोठं काम केलेली थोर बाई एवढंच डोक्यात होतं. पण त्यांचं आयुष्य ओळीने लावून बघितलं की पोटात गोळा येतो. दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि बाईंचं वय तेवीस, पदरात छोटी मनोरमा. आणि मग एवढी माणसं गमावून, दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला आणून घर दिल्यावर, जिच्यावर सगळी भिस्त होती ती मनोरमाच १९२१ च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल भाषांतर करत होत्या, वर्षानुवर्षं चाललेलं काम ते, छपाईसुद्धा तिथल्याच बायका-मुली करायच्या. लेक गेल्यावर त्यांनी प्रुफं तपासायचं काम सोडलं नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या, तोवर प्रुफं हातावेगळी झाली होती. त्या नऊ महिन्यांत त्यांना धीर "वाटत" होता का हे कोण सांगणार. मी फक्त डोळ्यांसमोर आणतो, ती कान अधू झालेली म्हातारी बाई, समोर कागद, आणि त्या कागदावर कधीतरी 'कोठवर' हा शब्दपण आलाच असणार, तो तपासून तिने पुढचा कागद घेतला असेल.

तेव्हा काका, तुम्ही कसं करता विचारलंत ना, तर मी फार काही करत नाही. सेंटरवर एक स्तोत्र वाचतो, आवडो न आवडो, ओळीने जे येईल ते. रविवारी मन नसलं तरी जातो, कारण माझा आवाज फुटला नाही तरी शेजारचे गातात आणि त्या आवाजात माझं भागतं, हे मी त्या चार महिन्यांत शिकलो. आता मावशीचे गुडघे चालत नाहीत, तर मंगळवारी हीच मला डबा घेऊन तिच्याकडे पाठवते. आणि रात्री झोपण्याआधी हिच्या डाव्या हातावर, जिथे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलाय, तिथे बोट ठेवून बघतो. तुम्हालाही शिकवलं असेल, थरथर लागली पाहिजे, मांजर गुरगुरतं तशी, लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. दिवा बंद असतो, घरात आवाज नसतो, बोटाखाली ती थरथर लागते आणि मी म्हणतो, आभार. कधी कधी त्याच्यापुढे कोठवर पण म्हणतो. दोन्ही म्हणतो.

किडनीच्या यादीत हिचं नाव आहे. नंबर कधी लागेल माहीत नाही. पोरांनो, निराश वाटतं तेव्हा अंकलला फोन करा, वचन मी सांगेनच, पण आधी घरी या, जेवलात का ते विचारू द्या मला.

आणि काका, तुमच्या मुलाला मीठ-पाणी फार जड जातंय असं तुम्ही म्हणालात, तर शुक्रवारी मी तुमच्यासाठी एक डबा आणतोय, आमच्याकडची ती लसणाची फोडणी दिलेली भाजी, त्याच्या डाएटवाल्या मॅडमना विचारून घ्या चालेल का.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा अगदी लहान पेला, दोन घोटसुद्धा नसतात. ही त्या दिवशी सकाळी बाटली भरताना वरचं थोडं पाणी काढून टाकते. पहिल्यांदा मी म्हटलं, अगं एवढंसं कशाला मोजतेस, ते नको मोजूस. ती म्हणाली, मोजू दे, त्याची जागा ठेवतेय.