समोरची भिंत ठेवणार म्हणे

रविवार, रात्र

बाजारातली ती जुनी माडी पाडणार हे कधीपासून ऐकतोय, पण आता नवीनच निघालंय की दर्शनी भिंत तशीच ठेवायची आणि तिच्या मागे टॉवर उभा करायचा. वेंगुर्ल्यात टॉवर! सात मजले की आठ हे अजून कोणालाच धड ठाऊक नाही, मत मात्र प्रत्येकाचं तयार आहे.

आज केस कापायला गेलो तर सलूनमध्ये तोच विषय. एसटीतून रिटायर झालेले तात्या पेपर खाली ठेवून म्हणाले, "घरच नाय तर भिंत ठेवन काय तिचा लोणचा घालूचा आसा?" एक कॉलेजचा पोरगा म्हणाला निदान कायतरी तरी ठेवतत, बाकीच्यांनी रातोरात जेसीबी लावल्यानी तेव्हा कोण बोललो नाय. माडीच्या खाली ज्याचं दुकान आहे तो टेलर गप्प बसून होता, मग हळूच म्हणाला माका नवीन गाळो गावतलो काय ता सांगा. आणि बाहेर टोपली घेऊन बसणारी मासेवाली काकी आतलं सगळं ऐकत होती, ती तिथूनच ओरडली, "आमका पावसात बसाक पडवी व्हयी, भिंत घेवन काय करू?"

सगळ्यात मुद्द्याचं तीच बोलली असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

मालकांना शिव्या घालणं सोप्पं आहे हो. सातबाऱ्यावर नावं इतकी की अर्धे एकमेकांना ओळखत नाहीत, बहुतेक सगळे मुंबईला, आणि दर मे महिन्यात शाकारणीचा खर्च कोणी द्यायचा यावरून फोनवर भांडणं, शेवटी कोणीच देत नाही आणि मग जूनमध्ये ताडपत्री. सगळ्या भावकीचं एकमत झालंय असं पहिल्यांदाच घडलंय आणि ते टॉवरवर. "आपला वारसा" म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी कोणी त्या माडीचं एक कौल तरी बदलून दिलं होतं का कधी? मीही नाही दिलं.

माझा भाचा मुंबईत आर्किटेक्चर करतो, तो सुट्टीला आलाय, त्याने मोबाईलवर न्यूयॉर्कचा हर्स्ट टॉवर दाखवला. खाली 1928 सालची सहा मजली दगडी दिसणारी इमारत, तिचा आतला सगळा भाग काढून टाकलाय, फक्त बाहेरच्या भिंती ठेवल्यात आणि त्यातून नॉर्मन फॉस्टरचा काचेचा नि स्टीलच्या त्रिकोणांचा 46 मजली टॉवर वर आलाय, 2006 मध्ये पूर्ण झाला. कोणाला तो लय आवडतो, कोणाला वाटतं जुन्या इमारतीच्या डोक्यावर भलतंच काहीतरी आणून ठेवलंय. मला दिसायला आवडला, खोटं कशाला बोलू. पण त्याची गंमत अशी की ती खालची इमारत मुळात वर टॉवर येणार म्हणूनच बांधलेली, मग मंदी आली आणि टॉवर राहून गेला तो थेट जवळपास 80 वर्षांनी झाला. आमची माडी बांधणाऱ्याने वर फक्त कौलं येणार एवढंच गृहीत धरलेलं. आणि तिकडे त्या इमारतीला 1988 मध्येच सरकारी संरक्षण मिळालेलं, म्हणून भिंती ठेवणं भागच होतं. आपल्याकडे मुंबईत 1995 पासून हेरिटेजचे नियम, ग्रेड वगैरे आहेत, आमच्या माडीला कसला ग्रेड.

भाचा म्हणतो टेक्निकली होतं सगळं. भिंतीला बाहेरून लोखंडी फ्रेमचा आधार द्यायचा, मग मागचं पाडायचं, नवीन आरसीसी उभं राहिलं की भिंत त्याला बांधून टाकायची. पण ही भिंत जांभ्याची आहे, चुन्यात बांधलेली, आणि इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जांभा उन्हावाऱ्यात घट्ट होतो हे खरं पण वरून पाणी आत मुरायला लागलं की चुना धुपतो, सांधे सुटतात, फटीत पिंपळ उगवतो. लांब कशाला, आपल्याच गावातली 17व्या शतकातली डच वखार बघा. भिंती केवढ्या जाड, पण छप्पर गेलं आणि झाडांनी मुळं घातली.

म्हणजे कोकणातल्या घराला भिंत टिकवते असं नाहीच, छप्पर टिकवतं. आणि घराचं तोंड म्हणजे पण छप्परच की! रस्त्यावरून त्या माडीकडे बघितलं तर आधी दिसतो तो उतरता पाखा, शेवाळलेली मंगलोरी कौलं, वळचणीखालची हिरव्या रंगाची लाकडी झालर (तिचे चार-पाच दात पडलेत), मग माडीचा कठडा, मग पडवीचे खांब. भिंत सगळ्यात मागे, अंधारात. तिच्यावर दाराच्या वर चुन्यात सन काढलाय, 191 पर्यंत वाचता येतं, शेवटचा आकडा गळून गेलाय. ठेवणार ते काय, तर हे. जे पुढे आहे ते सगळं पाडून जे मागे होतं ते पुढे आणून रंगवणार, वर दिवे सोडणार, लोक सेल्फी काढणार.

मी टॉवरच्या विरोधात नाही, पोरांना इथे ब्लॉक मिळाले तर निदान चार घरं गावात राहतील. पण ठेवायचंच तर पडवी ठेवा, वरच्या पाख्यासकट, आणि टॉवर मागे परसात सरकवा. भाच्याला बोललो तर म्हणे मामा, रस्त्यालगतचे गाळे जातात मग, आणि पैसा तर तिथेच असतो. असतो ना. म्हणून तर मागे एखादा मजला वाढवून द्या म्हणतोय, नाहीतरी सात आणि आठमध्ये खालून बघणाऱ्याला काय फरक पडतो, आणि त्या टेलरचं दुकान पण पडवीतच राहील.

नकाशा नगरपरिषदेत दिलाय म्हणतात. उद्या सोमवार आहे, जाऊन बघायला मागतो, त्यात पडवीच्या जागी काय दाखवलंय ते. माझा अंदाज, पार्किंगची एन्ट्री.