खंड दुसरा, छपाईत

दुपारी पार्सल आलं. मागवलं होतं बारवांवरचं पुस्तक, पण मी आधी पुठ्ठा झटकून आतलं घडी केलेलं पत्रक काढलं. खोडच आहे ती. आमच्या सातारा जिल्ह्यात इतिहासाची पुस्तकं काढणारे एक छोटे प्रकाशक आहेत. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या, पुढच्या खोलीत गठ्ठे आणि मागच्या खोलीतही गठ्ठेच. वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं निघतात आणि प्रत्येकाच्या पोटात हे पत्रक असतं. एका बाजूला बातम्या: अमक्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, वीरगळांवरच्या पुस्तिकेच्या प्रती संपल्या, मोडीचा पुढचा वर्ग दिवाळीनंतर. पाठीमागे आगामी प्रकाशनं.

खरं वाचायचं ते पाठीमागचं. छापून आलेल्या पुस्तकात शुद्धिपत्र असतं, नकाशा धूसर असतो, आणि आपलं गाव नेमकं सूचीतच नसतं. आगामी पुस्तकात असलं काही नसतं. यंदाची यादी तर फारच छान जमलीय. घाटवाटांवरच्या जकाती. एका देशमुख घराण्याची निवडक कागदपत्रं. तालुक्यातले शिलालेख, ठशांसह. १८७६-७८च्या दुष्काळात उठून गेलेल्या वाड्यावस्त्या. ही चारही पुस्तकं माझी मनातल्या मनात वाचून झाली, आणि चारही उत्तम आहेत. सगळ्यात खाली, नेहमीच्या जागी, तालुक्याची ऐतिहासिक कागदपत्रे, खंड दुसरा. छपाईत.

या खंडाशी आमच्या घराचं नातं जुनं आहे.

मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मास्तर सायकलवरून आमच्या गावी आले होते. तालुक्याच्या हायस्कुलात शिकवायचे आणि सुट्टीत गावोगाव जुने कागद धुंडाळत हिंडायचे. माळ्यावर आमचा एक रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, होता. मळकट लाल फडक्यात बांधलेला, वर्षानुवर्षं कोणी न सोडलेला. आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, तो खाली काढला, तेव्हा आजीने हात लावण्याआधी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मास्तर शिंकले. मग ओट्यावर बसून त्यांनी एकेक घडी उलगडली. आम्हा पोरांना वाटलं होतं, गुप्तधनाचा नकाशा निघणार. निघाला एक महजर, म्हणजे गावासमोर झालेल्या निवाड्याचा कागद. होळीची पोळी आधी कोणी टाकायची, थोरल्या पातीने की धाकट्या, याचा.

मास्तर मोडी घडाघडा वाचायचे. ओटा भरला होता. थोरली पाती म्हणजे आमचे भाऊबंद, तेही येऊन उंबऱ्याशी उभे. वादीचं म्हणणं झालं, प्रतिवादीचं झालं, गावाने काय साक्ष दिली तेही झालं. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, न्हाव्याच्या नावापुढे आरशाची. तो आरसा बघायला आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. आणि ऐन निवाड्याशी येऊन मास्तर थांबले. पुढचा बंद, म्हणजे कागदाचा पुढचा तुकडा, कसरीने खाल्ला होता.

तात्यांनी चष्मा लावून त्या भोकांतून आरपार पाहिलं. मास्तर म्हणाले, "काळजी करू नका तात्या, याची नक्कल पुण्याच्या दप्तरात असणार. सापडली की दोन्ही मिळून दुसऱ्या खंडात घेतो." तात्यांनी त्याच आठवड्यात मनीऑर्डर केली, प्रकाशनपूर्व सवलतीत. भाऊबंदांनीही केली, हे आम्हाला पोस्टमनकडून कळलं.

तेव्हापासून दरवर्षी होळीला दोन पोळ्या एकदम पडतात आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या हाताकडे बघत असतात. निकाल छपाईत आहे.

मराठी माणसाला इतिहासाची वाट बघायची सवय तशी जुनीच. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाला, तेव्हा बखरी मासिकातून तुकड्यातुकड्याने येत. म्हणजे लढाई ऐन भरात आली की पुढच्या अंकापर्यंत घोडे तसेच उभे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ला काढला आणि संख्या बावीसवर नेली. मागे ना सरकार, ना संस्थान, होता तो हट्ट आणि अफाट पायपीट. रियासतकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३०नंतर चार-पाच वर्षांत छापून टाकले. तिथे मुंबई सरकार पाठीशी होतं, त्यामुळे वाट बघण्याची मजा वाचकांना फारशी मिळाली नसावी. आणि आगामी ग्रंथांचा मुकुटमणी म्हणजे दत्तो वामन पोतदारांचं शिवचरित्र. सरकारने काम सोपवलेलं, अधिकार वादातीत, महाराष्ट्र वाट बघत बसला आणि १९७९ साली पोतदार गेले. पुस्तक आलं नाही. त्यांची यथेच्छ थट्टा झाली. मला मात्र त्यांच्याविषयी आपुलकी वाटते. एकेका तारखेसाठी चार कागद ताडून बघायची सवय लागलेल्या माणसाने शेवटचं वाक्य लिहून खाली रेघ मारायची तरी कशी? उद्या पाचवा कागद निघाला तर?

छोट्या प्रकाशकांकडे हा पाचवा कागद सारखा निघत असतो. मजकूर तयार, तर ठसे स्पष्ट नाहीत. ठसे आले, तर प्रस्तावना लिहिणारे आजारी. प्रस्तावना आली ती दोन फर्म्यांची, ग्रंथाच्या अर्ध्याएवढी; कापा म्हणायची कोणाची प्राज्ञा? आणि सगळं जमून आलं की कागदाचा भाव वाढलेला. पाचशे प्रती काढायच्या, त्यातल्या शंभर भेट जायच्या, कारण ज्यांनी ज्यांनी रुमाल सोडून दाखवला त्या सगळ्यांना एकेक द्यायची रीत. पुस्तकावर किंमत लिहायची नाही, 'देणगीमूल्य' लिहायचं. यातून धंदा कसा होतो हे मी त्यांना कधी विचारलं नाही. होत नसावा.

तर यादीचा शेवट वाचत होतो. खंड दुसरा, छपाईत, आणि पुढे संपादकाचं नाव. नावाआधी या वेळी 'कै.' होतं.

मी फोन लावला. प्रकाशकांना आम्ही नाना म्हणतो.

"हो, श्रावणात गेले," नाना म्हणाले. "पत्रक आधीच छापायला गेलं होतं, थांबवून तेवढी दोन अक्षरं घातली."

थोडा वेळ काय बोलावं कळेना. मग जे कधी विचारायचं नाही असं ठरवलेलं, ते विचारलं. आमचा महजर आहे का त्यात? पुण्याची नक्कल सापडली होती का?

"असेल हो. त्यांनी तुमच्या गावाचे कागद वेगळे काढलेले आठवतायत मला. पण मजकूर सहाशे पानांचा आणि सूची नाही. सूची तेच करणार होते. मोडीशी ताडून प्रुफं बघणारं तरी कोण राहिलंय आता? वर्गाला पोरं येतात, प्रमाणपत्र घेतात, जातात. एक मुलगी मात्र टिकलीय. बँकेत असते, रविवारी येते. पन्नासेक पानं झालीत तिची."

"मग छपाईत कसं लिहिलंत?"

"अहो, नुसतं 'आगामी' लिहिलं असतं तर मास्तरांना काय वाटलं असतं?"

तात्यांची मनीऑर्डर नानांच्या वहीत अजून असणार, पण ती आठवण करून द्यायला जीभ रेटेना. दोन प्रतींचे पैसे नव्याने पाठवले. एक घरी आणि एक भाऊबंदांकडे. निकाल त्यांच्या बाजूने लागलेला असला, तर आमच्या खर्चाने कळू दे.