आबांचा अंगठा

आमच्या माळ्यावर वनस्पती तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर जमवलेले नट, बोल्ट, वायसर आणि स्प्रिंगा आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्याचे दिवस गेले अशा कोणत्याही माणसाच्या घरी असा डबा सापडेल, तेव्हा डब्याचे कौतुक नाही. कौतुक आहे ते आबांच्या अंगठ्याचे. अर्ध्या इंची, म्हणजे चार सुती बोल्टात जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे आटे इंचाला 12 असतात आणि अमेरिकी पद्धतीचे 13. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, नटही पहिले एकदोन वेढे निमूट फिरतो आणि मग अडतो. घाईचा माणूस अशा वेळी पाना लावतो आणि आटे मारून बसतो. आबा नट अंगठ्याने फिरवत, जरासे थांबत आणि काही न बोलता तो परत डब्यात टाकत. हाताने जे जात नाही ते पान्याने घालायचे नाही, एवढा एकच नियम त्यांनी आम्हाला कधीतरी सांगितला असेल.

हा हात घडला सैन्यात. 1943 साली उभ्या राहिलेल्या ईएमई या दुरुस्तीच्या दलात ते गाड्यांचे मेकॅनिक म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. 1971 च्या लढाईत ते पश्चिम सीमेवर होते, पण युद्धाच्या गोष्टी ऐकायला मांडी घालून बसलेल्या नातवाच्या वाट्याला रणगाड्यांऐवजी शक्तिमान ट्रकची क्लच प्लेट येई. रात्री दिवा लावायची सोय नसताना ती निव्वळ चाचपून कशी बसवली, हे सांगताना आबांचे दोन्ही हात हवेत काम करत असत. शौर्याबद्दल विचारले, तर ‘‘गाडी सकाळी चालू झाली की,’’ एवढेच उत्तर. मला वाटते, त्यांच्या दृष्टीने त्यात सगळे आले होते.

घरातली त्यांची माया अशीच लोखंडातून येई. सासूबाईंचे गुडघे धरले आणि विळीवर बसणे अवघड झाले, तेव्हा आबांनी डॉक्टरांच्या आधी फूटपट्टी गाठली. सासूबाईंना उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली आणि लोखंडी अँगलचा घोडा करून त्यावर विळी बोल्टांनी पक्की केली. नारळ खोवताना घोडा हलू नये म्हणून चारी पायांना सायकलच्या ट्यूबचे रबर चढवले. सासूबाईंनी तोंडदेखली कुरकुर केली, पण शेजारणी आल्या की तो घोडा दाखवल्याशिवाय त्यांना चहा मिळत नसे. मिक्सर बंद पडला, तर मात्र आबा आधी चौकशी करत. बंद पडायच्या आधी आवाज कसा येत होता, वास आला का, की एकदम थांबला? स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी बाहेर यायचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत आले, तेव्हा आबा पंचाहत्तरीकडे झुकले होते. पाणी उतरल्यावर लोक भिजलेल्या गाड्यांना किका मारू लागले, तसे ते गल्लीत फिरून सर्वांना रागावू लागले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोरात फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चिखलीच्या एका शेतकऱ्याचे डिझेल इंजिन टेम्पोतून आमच्या दारात आले. आबांनी नोझल काढायला लावले आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवले, तसा भोकातून गढूळ पाण्याचा फवारा उडाला. खालून निघालेले ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. ते सगळे उपसून स्वस्तातले ऑइल भरले, इंजिन थोडा वेळ चालवले आणि तेही ओतून दिले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून नुकत्याच धुतलेल्या अंगणाकडे बघत होत्या.

आबांनी पैसे घेतले नाहीत. पुढे गुऱ्हाळे सुरू झाल्यावर तो शेतकरी गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, खांद्यावर घेऊन आला. गूळ पिवळाधमक होता आणि अस्सल गूळ काळपट असतो, अशी आबांची ठाम समजूत असल्याने त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही.

‘‘इंजिन कसं हाय?’’

‘‘चाललंय की, मेस्त्री.’’

‘‘चाललंय म्हंजे? आवाज कसा येतोय?’’

त्या बिचाऱ्याने रवा खाली ठेवला, सासूबाईंकडे संकोचून पाहिले आणि आमच्या सोप्यात उभे राहून तोंडाने इंजिन चालू केले. आबांनी डोळे मिटून ते मिनिटभर ऐकून घेतले.

‘‘टॅपेट सैल झालंय,’’ ते म्हणाले, ‘‘उद्या येतो.’’